अव्वाचं दूध आणि अप्पांची गोळी

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. लातूर, आमचं घर. हजर: अप्पा, अव्वा, वहिनी आणि मी. दादा दुकानात, म्हणून गैरहजर. समोरची खाला अर्धी हजर, म्हणजे तिच्या ओट्यावरून आमच्या ओसरीतलं जेवढं दिसतं आणि ऐकू येतं तेवढी.

अप्पा माझे वडील, अव्वा आई. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आदल्या संध्याकाळी बसनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत आले होते. काम एकच होतं: करीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांना दवाखान्यात दाखल करायचं, त्याचं सामान बांधणं. यादी बसमध्येच केली होती. धोतरं, टॉवेल, तांब्या-फुलपात्र, चार्जर, विभूतीची डबी, जुने सगळे रिपोर्ट.

दाखल का करायचं, ते सांगते. उन्हाळ्यात अप्पांची लघवी अडली. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. डॉक्टरांनी नळी घातली, नळीला थैली लावली आणि सांगितलं, दुर्बिणीचं साधं ऑपरेशन आहे, फक्त त्याआधी लघवी जंतूंपासून स्वच्छ पाहिजे. जंतू असताना आत हात घातला तर ते रक्तात जातात. लघवी काही स्वच्छ होईना. ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं गेलं. अप्पांनी आयुष्य डाळ मिलवर मुकादमी करण्यात घालवलं. काम सुटल्यावरही रोज संध्याकाळी मिलच्या फाटकासमोर जुन्या हमालांबरोबर चहाला बसायचे. नळी लागल्यापासून तेही बंद झालं. अव्वानं थैलीसाठी खणाच्या कापडाची पिशवी शिवली होती, वर नाडी लावून, म्हणजे धोतराच्या आड नीट लपेल. अप्पा तिला हात लावायचे नाहीत. "थैली घेऊन मी कुटंच जात न्हाई," एवढंच म्हणायचे. पोळ्याला गावाकडं चुलतभावाचे बैल बघायला जायचा त्यांचा नेम कधीच चुकला नव्हता. या वेळी चुकला.

लघवीचा कल्चर रिपोर्ट मी पाठ केला होता. त्यात जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची रांग. प्रत्येकापुढं एक अक्षर: एस म्हणजे हे औषध या जंतूला मारतं, आर म्हणजे मारत नाही. अप्पांच्या कागदावर आरच आर होते. तोंडानं घ्यायच्या औषधांत कामाचं एकच एस, फ्लोरोक्विनोलोन गटातलं. डॉक्टरांनी तीच गोळी दिली. कोर्स झाला, पुन्हा तपासलं, तोच जंतू, आणि औषधापुढं तोच एस. दुसरा कोर्स झाला. पुन्हा तेच. आता डॉक्टर म्हणत होते, दाखल करून इंजेक्शन देऊ, तोवर तीच गोळी चालू ठेवा. कोणतं इंजेक्शन तेही त्यांनी सांगितलं होतं. जंतूला ते नक्की मारतं, पण किडनीला जड जातं, आणि अप्पांच्या किडनीचा आकडा आधीच वर सरकलेला होता. डॉक्टरांनाही ते माहीत होतं. "रोज रक्त तपासत राहू," ते म्हणाले होते.

बसमध्ये मला एकच गोष्ट टोचत होती. औषध लागू पडतं असं कागद म्हणतो आणि अंगात लागू पडत नाही. याला कारणं मोजकीच असतात. गोळ्या चुकल्या असतील. गोळ्या बनावट असतील. नळीवर जंतू बसले असतील. अव्वाला फोनवर मी रोज विचारायचे, गोळी दिलीस का. ती रोज हो म्हणायची, आणि ते खरं होतं. घरी पोचल्यावर तिनं रिकामी पाकिटंच पुढं केली. "एक बी चुकली न्हाई. मोज पाहिजे तर."

करीच्या सकाळी अप्पा पूजेला बसले होते. लिंगपूजा झाल्याशिवाय ते तोंडात पाणीही घेत नाहीत. मी ओसरीत टॉवेलांच्या घड्या घालत होते. पूजा उरकली तशी अव्वा आतून आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पेला, काखेत बाटली. वाटीत सगळ्या गोळ्या एकत्र: रक्तदाबाची, हाडांसाठीची कॅल्शियमची आणि जंतूंवरची. पेल्यात कोमट दूध. बाटलीत जळजळीवरचं गुलाबी पातळ औषध. पूजेवरून उठलेल्या माणसाला औषधासाठी सारखं सारखं उठवायचं नाही, हा तिचा नियम. सगळं एकदाच. अप्पांनी गोळ्या तळहातावर घेतल्या, तोंडात टाकल्या, वरून दूध प्याले आणि गुलाबी औषधासाठी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

मी टॉवेल तसाच मांडीवर ठेवला.

"अव्वा, रोज असंच देतेस?"

"मग कसं देऊ?"

"म्हणजे दुधासोबत?"

"लई उष्ण हाय गं ती गोळी. पैल्या दिवशी पोटात आग आग झाली त्यांच्या. दुधासंगं द्यायला लागले तवापासून तक्रार न्हाई. विचार त्यांना."

"बरं वाटतं," अप्पा म्हणाले. ओठावरची साय त्यांनी उपरण्यानं पुसली.

"पाण्यासोबत का नाही देत?"

"कोरड्या पाण्यासंगं औषध द्यायला तुझे अप्पा काय परके हायत का?"

समोरच्या ओट्यावरून खाला म्हणाली, "हौ बेटी, दूध के साथच देना. तुमच्या अव्वानं मलाबी तेच सांगितलं. बहूच्या गोळ्या आम्ही दुधातूनच देतो. एकदम ठंडा रहता पेट."

आमच्या गल्लीत औषध डॉक्टर देतात आणि ते कसं घ्यायचं हे अव्वा सांगते. हे माझ्या लहानपणापासून असंच आहे. माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. फक्त कागदावरच्या एस-आरशी मी ते कधी जोडलं नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं. पाकिटावर औषधवाल्यानं पेनानं "जेवणानंतर" लिहिलं होतं, आणि अव्वाच्या मते जेवणानंतर म्हणजे दुधासोबत.

मी तिला तिथंच सांगितलं. दुधात कॅल्शियम असतं. हाडांच्या गोळीत तर तेच असतं. गुलाबी औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम. या जातीची जंतूंवरची गोळी पोटात विरघळली की हे सगळे तिला धरून बसतात, आणि मग आतड्याच्या भिंतीतून ती रक्तात जाऊ शकत नाही. आली तशी खालून निघून जाते.

अव्वानं वाटी जमिनीवर ठेवली. "सगळीच वाया?"

"सगळी नाही. थोडी जाते. पण थोडी जाऊन भागत नाही."

"म्हंजी मी रोज त्यांना गोळी द्यायलेय आन्‌ ती त्यांना मिळतच न्हाई."

"तसंच काहीसं."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, आधी डॉक्टरांना फोन लावा. टॉवेल मी बघते." वहिनीचं हे बरं आहे, ती कामाचं बोलते.

फोन आधी त्यांच्या सहायकानं घेतला, मग डॉक्टरांनी. मी सगळं क्रमानं सांगितलं.

"दुधासोबत? आणि अँटासिडही, एकाच वेळी?"

"हो. पहिल्या कोर्सपासून."

"आधी कुणी बोललं नाही."

"कुणी विचारलं नाही, डॉक्टर."

ते रागावले नाहीत, मीही नाही. त्यांनी ताप, थंडी, पोटदुखी विचारली. काहीच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं: उद्या दाखल व्हायचं नाही, फक्त नळी बदलायला यायचं. नळीवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. "तेव्हा सगळा दोष दुधाचा आहे असं घरात म्हणू नका," ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. नवी नळी, तीच गोळी, साध्या पाण्यासोबत. दूध, दही, ताक, कॅल्शियम, गुलाबी औषध तिच्या आसपास येऊ द्यायचं नाही. कोर्स संपला की पुन्हा कल्चर. मध्येच थंडी वाजली तर त्याच क्षणी दवाखान्यात यायचं.

मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. पूजेनंतर गोळी आणि पाणी. दूध दुपारी. कॅल्शियम दुपारच्या जेवणात. गुलाबी औषध बंद. रात्रीची गोळी जेवणानंतर उशिरा, जेवणातलं ताक दुपारी हलवलेलं. अव्वानं ते पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "सोपं हाय." मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासायला बाई येऊन गेली होती.

दुपारी अप्पांनी मला पलंगाजवळ बोलावलं. त्यांना डुलकी लागली नव्हती.

"एवढी औषधं लिहिलीत त्या कागदावर. एकाचं काम दुसरं कामून करत न्हाई? जंतू मारायचा ना? जे मिळंल त्यानं मारावं."

"सगळी एकाच ठिकाणी मारत नाहीत, अप्पा. प्रत्येकाची जागा वेगळी."

"कसली जागा?"

वर्गात मी हे फळ्यावर चार रकाने करून शिकवते. अप्पांसमोर फळा नव्हता. कोपऱ्यात तुरीचं पोतं होतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. मी म्हटलं, "तूर भिजत घातली की काय होतं?"

"फुगते."

"आणि टरफल नसलं तर?"

"मग ती दाळ. पाण्यात पडली की पीठ." ते उशीला टेकून बसले. मिलचं काही निघालं की अप्पा बसतात.

"जंतूलाही बाहेरून टरफल असतं. त्याच्या आत खूप दाब असतो, पाणी सारखं आत शिरू बघतं. टरफल आहे म्हणून तो फुटत नाही. जंतू वाढताना टरफल वाढवत जातो, नवे टाके घालत. पेनिसिलिनच्या घरातली औषधं तो टाका घालणाऱ्या हातालाच धरतात. जंतू वाढतो, टरफल वाढत नाही, आणि एक दिवस तो फुटतो."

"आन्‌ आपून? आपलं टरफल?"

"आपल्या पेशींना ते नाहीच. म्हणून ते औषध आपल्याला काही करत नाही."

"हं. बिनटरफलाचं मानूस," अप्पा म्हणाले. "मग हेच द्यावं की सरळ."

"तुमचा जंतू शहाणा आहे. त्यानं त्या औषधाला कापायची कात्री बनवलीय. कागदावर त्या घरातल्या बहुतेकांपुढं आर आहे."

"आन्‌ इंजेक्शन? किडनीवालं?"

"ते आत शिरतं. जंतूच्या पोटात प्रोटीन बनवायची छोटी छोटी यंत्रं असतात. हुकूम वाचायचा आणि त्याप्रमाणे माल काढायचा. हे औषध यंत्राला हुकूम चुकीचा वाचायला लावतं. सगळा माल खराब निघतो, आणि खराब मालानं जंतू मरतो. आपल्यातही यंत्रं आहेत, पण बनावट वेगळी."

"मिलमधी एकदा चाळणी चुकीची बसवली व्हती. दिवसभर डाळीत चुनी गेली, सगळा तुकडा न्‌ भुसा." त्यांनी मान हलवली. "तसंच हाय म्हन."

"तसंच. यंत्र बंद पाडणारी दुसरीही औषधं आहेत. काही कच्चा माल आत येऊ देत नाहीत, काही तयार माल बाहेर पडायची वाट बुजवतात. त्यातली टेट्रासायक्लिन नावाची गोळीसुद्धा दुधाला अशीच चिकटते."

"आन्‌ आपली गोळी?"

मी पोत्याची सुतळी थोडी सोडवून घेतली. सुतळीला दोन पदर होते, घट्ट पीळ. एक टोक अप्पांच्या हातात दिलं. "हा पीळ धरा, सोडू नका." दुसऱ्या टोकाचे दोन पदर वेगळे करून मी ओढू लागले. जसे पदर सुटत गेले, तसा पुढचा पीळ जास्त घट्ट होत गेला, शेवटी सुतळीची गाठ वळली आणि मला ओढता येईना.

"अडकली," अप्पा म्हणाले.

"जंतूचं सगळं बाड असं दोन पदरांच्या दोरीत असतं. तो दोन होतो तेव्हा ही दोरी उलगडून तिची नक्कल करावी लागते. उलगडताना पुढं असाच पीळ आवळतो. मग त्याच्याकडं एक कामगार असतो, तो दोरी क्षणभर कापतो, पीळ सोडतो आणि पुन्हा जोडतो. कापतो, जोडतो. आपली गोळी काय करते, कापल्यावर त्याचा हात धरून ठेवते. जोडू देत नाही. दोरीचे तुकडे होतात."

अप्पांनी सुतळीची वळलेली गाठ बोटात धरली आणि अंगठ्यानं सहज सोडवली. पोत्यांच्या तोंडांशी त्यांचा जन्म गेला आहे.

"म्हंजी गोळी हुशार हाय."

"हुशार आहे. पण जागेवर पोचली पाहिजे."

"आन्‌ ती तर दुधात अडकली." ते हसले. मग स्वयंपाकघराकडं बघून आवाज बारीक केला. "तुझ्या अव्वाला म्हनू नको काही. तिनं चांगल्यासाठीच केलं."

"मी कशाला म्हणू?"

"तू मास्तरीण हायस. मास्तरीण म्हनते." त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "ही थैली कवा निघणार, तेवढं सांग."

मी सुतळी पुन्हा पोत्याच्या तोंडाला बांधली.

नळी बदलून झाली. मी नांदेडला परत आले. वर्गात तेव्हा सूक्ष्मजीवांचं प्रकरण चालू होतं, योगायोगानं नव्हे, दरवर्षी त्याच सुमारास येतं. मी सुतळी घेऊन वर्गात गेले. पहिल्या बाकावरच्या मुलींना ओढायला लावली. स्टाफरूममधल्या भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर पोतं शिवून राहिल्या की काय वर्गात? बाहेर ऐकू येऊन राहिलं, ओढ, ओढ." मी सांगितलं, डीएनए शिकवतेय. "आमच्या वेळेला चार्टवर व्हता," त्या म्हणाल्या.

कोर्स संपला. कल्चर दिलं. वहिनीनं रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा मी बसस्टँडसमोर भाजी घेत होते. फोटो मोठा करून बघितला. जंतूंची वाढ आधीपेक्षा कमी होती. पण जंतू तोच होता, आणि त्या एकमेव गोळीपुढं आता एस नव्हता. आर होता.

मी मेथीची जुडी परत ठेवली आणि कडेला जाऊन उभी राहिले. काय झालं होतं हे मला कळत होतं. पहिले दोन कोर्स अप्पांच्या रक्तात गोळी गेली ती पातळ. पातळ औषधात दुबळे जंतू मरतात आणि ज्यांच्या त्या दोरी कापणाऱ्या कामगारात जराही बदल आहे, ज्याचा हात गोळीला नीट धरता येत नाही, ते उरतात. उरलेलेच वाढतात. मग पाण्यासोबत पूर्ण गोळी दिली तरी उपयोग नाही, कारण समोर असलेले जंतू तिला ओळखून आहेत. याला नळीनंही हातभार लावला असेल. किती कुणी, हे कुणालाच सांगता येणार नाही.

संध्याकाळी अव्वाचा फोन आला. वहिनीनं तिला सांगितलं होतं.

"माझ्या दुधानं झालं का?"

मी आधी विचार केला, नाही म्हणावं. पण रिपोर्ट घरात होता, वहिनी घरात होती, आणि अव्वा चौकशी केल्याशिवाय राहत नाही.

"दुधानं असेल. नळीनंही असेल. नक्की सांगता येत नाही."

"डॉक्टर काय म्हनतेत?"

"दुसरं औषध बघतायत."

"किडनीवालं?"

"ते टाळायचं बघतायत."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन वहिनीकडं दिला.

डॉक्टरांनी टरफलाच्या घरातलंच एक औषध निवडलं. त्या घरातलं सगळ्यात ताकदीचं, जे अप्पांच्या जंतूच्या कात्रीला कापता येत नाही. रोज शिरेतून द्यायचं. दाखल व्हायची गरज नव्हती, रोज दवाखान्यात जाऊन घ्यायचं आणि घरी यायचं. मात्रा किडनीच्या आकड्याप्रमाणे कमी केली. मी विचारलं, हे आधीच का नाही दिलं? "हे शेवटी ठेवायचं असतं," ते म्हणाले. "उद्या याच्यापुढंही आर आला तर माझ्या हातात फार काही उरत नाही." मी हे वर्गात दरवर्षी सांगते. त्यांच्या तोंडून माझ्या वडिलांबद्दल ऐकताना ते वेगळं वाटलं.

तेव्हा अप्पांना रोज रिक्षात बसावं लागलं. थैली घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी खाली मान घातलेली होती, दादानं सांगितलं. रिक्षावाला शेजारच्या गल्लीतला, वयानं मोठा, त्यानं एकदा पिशवीकडं बघितलं आणि म्हणाला, "मामू, मेरेकोबी लगी थी नली. खण का थैला नै मिला मगर. मैं तो पलास्टिक लेके फिरा." घरी येऊन अप्पांनी हे अव्वाला दोनदा सांगितलं. अव्वानं त्या पिशवीच्या जोडीला दुसरी एक शिवली, पहिली धुवायला टाकता यावी म्हणून.

कल्चर स्वच्छ आलं. इंजेक्शन चालू असतानाच ऑपरेशन झालं. मी रजा टाकून गेले होते. ऑपरेशननंतर पुन्हा नळी होतीच, मग ती निघाली. नळी निघाल्यावर पहिल्यांदा मोकळेपणी लघवी झाली तेव्हा अप्पा बाथरूममधून बाहेर आले, दाराशी उभे राहिले आणि दादाला म्हणाले, "झालं." बाकी काही नाही. किडनीचा आकडा होता तिथंच राहिला. अप्पांच्या फाइलवर डॉक्टरांनी त्या गोळीच्या गटाचं नाव लिहून त्याखाली रेघ मारली आहे. पुढं कधी जंतू झाले तर ती विचारात घ्यायची नाही. एक दरवाजा बंद झाला, असं मी समजते.

घरात एक वेगळीच अडचण उभी राहिली. अव्वानं अप्पांचं दूधच बंद केलं. पूर्ण. दुपारचं, रात्रीचं, चहातलंसुद्धा. अप्पा कोरा चहा पिऊन तोंड वाकडं करत. मी फोनवर समजावलं की आता कुठलीच गोळी चालू नाही, दूध दे. "नको," ती म्हणायची. शेवटी अप्पाच म्हणाले, "थैली गेली आन्‌ दूध बी गेलं. एक तरी परत द्या." मग तिनं दुपारचा पेला सुरू केला. रक्तदाबाच्या गोळीची वेळ सकाळी आहे आणि तिचं दुधाशी काही वैर नाही, तरी दोन्हींमध्ये ती जेवणाचं अंतर ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत गेले. हजर: अव्वा, वहिनी, मी. दादा दुकानात. अप्पा गैरहजर, कारण संध्याकाळ होती आणि ते मिलच्या फाटकाकडं चहाला गेले होते.

अव्वा शेव गाळत होती. सोऱ्या दाबता दाबता म्हणाली, "खालाला सांगायचं राहिलंय."

मला आठवलं. खालाची सून, दुधातल्या गोळ्या. आणि एकटी खालाच नाही. अव्वानं हा सल्ला कोपऱ्यावरच्या शिक्षकांच्या घरी दिलाय, पिठाच्या गिरणीवाल्यांना दिलाय, मागच्या गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडालाही.

"मी सांगू का?"

"तू कशाला? मी सांगितलं व्हतं, मीच सांगणार." तिनं कढईतली शेव उलटली. "पन काय सांगू गं? दूध नको म्हणू? तूच म्हनलीस काही गोळ्यांना चालतं."

"चालतं. बऱ्याच चालतात. पेनिसिलिनवाल्या चालतात. पाण्यासोबत घ्या म्हण, आणि दूध कधी घ्यायचं ते डॉक्टरला विचारा म्हण."

"डॉक्टरला विचारा म्हनायचं मी?" हे तिला जड गेलं. आजवर लोक डॉक्टरकडून येऊन तिला विचारत आले आहेत. तिनं झारा बाजूला ठेवला. "आन्‌ का विचारलं तिनं, तर? का बदललं म्हनली तर?"

वहिनी म्हणाली, "अव्वा, सांगा की जे झालं ते."

शेवेचा घाणा काढून अव्वानं कागदावर पसरला. मग म्हणाली, "सांगते. सांगितलंच पाहिजे. तिची सून दुसऱ्यांदा पोटुशी हाय, आता तर औषधं चालूच राहतील."

मी ओट्यावर जाऊन बघितलं. खालाच्या दाराला कुलूप होतं. ती सुनेला घेऊन मुदखेडला लेकीकडं गेली होती, वहिनीनं सांगितलं. मी फोन पुढं केला.

"असलं काय फोनवर सांगायचं असतंय का," अव्वा म्हणाली. "आली की तिच्या ओट्यावर जाऊन सांगते. फराळाचं ताट घेऊन."

दुसऱ्या दिवशी नांदेडची बस धरायच्या आधी मी फ्रिजवरचं जुनं वेळापत्रक काढलं आणि त्याच्या मागं नवी यादी केली. अप्पांची पुढची तपासणी, दादा. रिपोर्टांची फाइल वहिनीकडं. चष्म्याचा नंबर, अप्पा. शेवटची ओळ: गल्लीत दुधाचं सांगणे, खालापासून सुरुवात. जबाबदारी, अव्वा. बाकी ओळींवर रेघा पडत गेल्या, वहिनी फोटो पाठवत असते. शेवटच्या ओळीवर अजून पडलेली नाही. खाला मुदखेडहून अजून आलेली नाही.